शेळीच्या कार्डावरचं नाव

आमची चकती माणसाच्या अंगात बसवलेली मी सगळ्या नोकरीत एकदाच पाहिली. ती बसवायला कुणाची परवानगी नव्हती, ती कुणा डॉक्टरने बसवली नव्हती, आणि ती बसवल्याची नोंद शेळीच्या कार्डावर होती. या गोष्टीला पाच वर्षं झाली. मध्यंतरी मी निवृत्तही झाले. पण ते कार्ड आठवलं की अजून हातातला चहा बशीत सांडतो.

या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सोपं करून लिहा." मला हसूच आलं. सोपं करून सांगायची मला फार हौस होती, आणि जे घडलं ते त्या हौसेपायीच घडलं. तरी सांगते. खोड जात नाही.

नगरच्या बाहेर एका कॉलेजच्या मागच्या अंगाला आमची प्रयोगशाळा होती. दोन खोल्या, एक उंदीरघर आणि नंतर बांधलेला शेळ्यांचा गोठा. शास्त्रज्ञ म्हणजे आमचे सर. मी तंत्रज्ञ. डोकं त्यांचं, हात माझे, असं ते पाहुण्यांना सांगत. मला ते आवडायचंही आणि थोडं झोंबायचंही.

काम असं होतं. स्तनातली कॅन्सरची गाठ डॉक्टर काढून टाकू शकतात. पण बहुतेकदा बाईचा जीव त्या गाठीने जात नाही, तिच्यातून सुटून रक्तातून हिंडणाऱ्या पेशींनी जातो. त्या फुप्फुसात नाहीतर हाडात जाऊन बिऱ्हाड करतात, आणि तपासणीत दिसेपर्यंत त्यांचा संसार चांगला थाटलेला असतो. तेव्हा त्यांना आधीच कुठेतरी अडवून पकडता येईल का, हा आमचा प्रश्न होता. त्यासाठी कातडीखाली एक भोकाभोकांची चकती ठेवायची. शरीराला ती परकी वाटते, म्हणून ते आपले राखणदार तिकडे पाठवतं. त्या गर्दीमुळे तिथलं वातावरण हिंडणाऱ्या पेशींना ओळखीचं वाटतं आणि त्या तिथे थांबतात. चार आठवड्यांनी चकती काढून बघायची. पेशी सापडल्या तर रोग हिंडायला लागलाय हे फार आधी कळतं. उंदरांमध्ये हे जमत होतं. माणसांमध्ये जमेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

चकती करायची मिठाने. पाहुण्यांना हे ऐकून फार गंमत वाटायची. डॉक्टर विरघळणारे टाके घालतात ना, त्या जातीच्या प्लास्टिकची पूड घ्यायची, त्यात चाळून एकसारखे केलेले मिठाचे कण मिसळायचे, साच्यात दाबायचं, तापवायचं आणि मग पाण्यात टाकून ठेवायचं. मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. शर्टाच्या बटणाएवढी चकती. चाळण चुकली तर भोकं चुकली आणि भोकं चुकली तर महिन्याचं काम पाण्यात. मी नऊ वर्षं मीठ चाळलं. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून एवढी शिकली आणि कॉलेजात मीठ चाळते."

पाहुणे यायचे तेव्हा त्यांना समजावून सांगायचं काम माझं. आपल्याकडचा कुणीही शेतकऱ्याच्याच घरातला. म्हणून मी म्हणायची, "वांग्याच्या शेतात कामगंध सापळा लावता ना? वासाने पतंग येतो आणि अडकतो. आमची चकती म्हणजे तोच सापळा, फक्त अंगात लावलेला." लोक माना डोलवायचे. मग मी चढ्या आवाजात म्हणायची, "आधी उंदीर, मग शेळी, मग माणूस!" यावर टाळ्यासुद्धा पडलेल्या आहेत.

हे सगळं दोन माणसं दर वेळी ऐकायची. एक लंकाबाई, उंदीरघराची साफसफाई करणाऱ्या. मूळच्या काष्टीच्या, नवऱ्यामागे नगरला खोली घेऊन एकट्या राहायच्या. भाऊ गावाकडे वांगी लावायचा. लंकाबाई शाळेत चौथीपर्यंत गेल्या होत्या, पण उंदरांच्या बाबतीत आमच्या सरांना ऐकवायच्या. "तिसऱ्या पिंजऱ्यातला दोन नंबर आज खाईना, मॅडम. त्याला लागलंय." मी हसायची. चार-पाच दिवसांनी त्याची चकती काढून बघावी तर पेशींचे पुंजके! हे एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं.

दुसरे किसनमामा. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, मलमपट्टी करणारे ड्रेसर. उंदरांनंतर चकती मोठ्या जनावराला सोसते का हे बघायचं ठरलं, तेव्हा सरांनी त्यांना ठेवून घेतलं. रीतसर परवानगी आल्यावर आम्ही दोघं शेळ्या आणायला घोडेगावच्या बाजारात गेलो. तिथे रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरतो, तोंडाने कुणी काही बोलत नाही. किसनमामांचा हात रुमालाखाली असतानाच विकणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "दुधाला का मटनाला?" मामा भोळे. म्हणाले, "दोन्हीला न्हाई. मॅडम तिच्या कातड्याखाली बटन बसवनार हायती." म्हाताऱ्याने हात काढून घेतला आणि शेळीला ओढत निघून गेला. दुसऱ्या विकणाऱ्याकडे मी मामांना तोंड उघडूच दिलं नाही.

शेळीच्या कातडीखाली खिसा कसा करायचा, चकती आत कशी सरकवायची, टाके किती आणि कसे घालायचे, हे मामांना मी शिकवलं. हात माझ्यापेक्षा हलका निघाला. प्रत्येक शेळीचं एक कार्ड असायचं. नाव किंवा नंबर, नर का मादी, वय, कुठली बाजू, टाके किती, चकती काढायची तारीख. मामा ते कार्ड सुंदर अक्षरात भरायचे आणि मी त्यांचं सगळ्यांसमोर कौतुक करायची.

एका सोमवारी कपाटातली निर्जंतुक चकत्यांची पाकिटं मोजली तर बाराच्या जागी अकरा भरली. दुसऱ्या दिवशी साठ्याची तपासणी होती. एक चकती कुठे जाणार? पडली असेल, केरात गेली असेल. विचारपूस करत बसले असते तर सर चिडले असते, म्हणून वहीत लिहून टाकलं, "पाकीट फाटले, टाकून दिली." माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. खोटं बोललेलं कळलं तर ते मारत नसत, रात्रीच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर नाव घेत. त्या रात्री मला वडील आठवलेसुद्धा नाहीत, इतकं ते खोटं मला बारीक वाटलं.

त्यानंतर चार आठवडे गेले. एका सकाळी पिंजरे धुऊन लंकाबाई माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, आज अठ्ठावीस दिस झालं. काढा आता."

"काय काढू?"

त्यांनी पदर बाजूला करून पोलक्याची कड वर उचलली. डाव्या कुशीला, बरगड्यांच्या खाली, एक बारीक सरळ व्रण. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा, चार आणि चार, एकसारख्या अंतरावर. खाली कातडी बटणाएवढी वर आलेली. ती टाके घालायची पद्धत मी ओळखली. माझीच होती.

लंकाबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, माझंच पाणी मला दिलं. मग माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. उजवीकडे, लिंबाएवढी गाठ. दगडासारखी टणक.

"कधीपासून आहे ही?"

"आखाडापासनं."

आषाढ होऊन तीन महिने झाले होते. मी ओरडलेच. "अहो, तुम्हाला येडबिड लागलंय का? चकतीने गाठ जाते असं कुणी सांगितलं तुम्हाला? तो नुसता सापळा आहे!"

त्या माझ्याकडे जरा कीव आल्यासारख्या बघायला लागल्या. "सापळ्यानं अळी मरती व्हय, मॅडम? येवढं कळतंय मला. माझ्या भावाचं वांग्याचं वावर हाय. सापळा कशाला लावत्यात? पतंग आलं का न्हाई ते बघायला. आलं तर फवारायचं. न्हाई आलं तर उगं कशाला इख मारायचं?"

नऊ वर्षं मी पाहुण्यांना सापळ्याचं सांगत होते आणि "पतंग अडकला" इथे येऊन थांबत होते. तो कशासाठी लावतात हे पुढचं वाक्य मी एकदाही बोलले नव्हते. ते फरशी पुसता पुसता या बाईने स्वतःच पुरं केलं होतं. मला भीती वाटत होती, राग येत होता, आणि त्यातच लाजही वाटत होती.

मग त्यांनी थोरल्या बहिणीचं सांगितलं. तिलाही गाठ होती. काढली, वर औषधाच्या बाटल्या चढवल्या, आणि त्या बाटल्यांतच ती गेली. "कुडीत कायी हिंडत हुतं का न्हाई, कुनी बघितलं? न बघता फवारलं. माझं तसं करू देनार न्हाई मी. आधी सापळा बघा."

किसनमामांना बोलावलं. ते आले ते हातात कार्ड घेऊनच, काम दाखवायला यावं तसे खुशीत. मी कार्ड वाचलं. नाव: लंकाबाई. नर/मादी: मादी. वय: बावन्न वर्षे. बाजू: डावी. टाके: चार. काढायची तारीख: आजची.

"मामा, हे काय केलंत तुम्ही?"

"बाई म्हनल्या, मॅडमनी सांगितलंय. पाकीट बी त्यांनीच आनलं. मला वाटलं, मान्साची बारी आली." त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तुमीच म्हनायच्या न्हवं, आधी उंदीर, मग शेळी, मग…"

सरांना सगळं सांगितलं. मी वाट बघत होते की आता हे मला कामावरून काढतील. त्यांनी विचारलं, "सुई नवी होती का?" नवी होती. कातडी बधिर करायचं इंजेक्शनही दिलं होतं. मामांनी तेही कार्डावर लिहिलं होतं.

दुपारच्या आत आम्ही लंकाबाईंना शहरातल्या एका इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जन बाईंनी सगळं ऐकलं आणि मला माझ्या वयाचा मुलाहिजा न ठेवता झापलं. मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. तपासण्या झाल्या. कॅन्सरच होता, आणि काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. आठवड्याभरात ऑपरेशन झालं. गाठ काढली, काखेतलं काढलं आणि जाता जाता कुशीतली चकतीही काढली. सर्जन बाईंनी स्पष्ट सांगितलं, काखेत पोचलाय म्हणजे आता औषधं घ्यायलाच हवीत, नाही घेतली तर परत उलटेल आणि मग हाताशी काही उरणार नाही.

लंकाबाईंचं एकच, "आधी सापळा."

सर्जन बाईंनी तीनदा समजावलं. ती चकती माणसासाठी नाही, तिच्यात काही दिसलं काय नि न दिसलं काय, आमच्या लेखी शून्य. सरांनी समजावलं. भाऊ काष्टीहून येऊन रडला. बाई ढिम्म. "मॅडम बघतील आन् सांगतील. आलं असंल तर बाटल्या लावा. न्हाई आलं तर मी घरी जानार." तिचा जीव माझ्या एका शब्दावर येऊन टांगला होता, आणि तिला तसं मीच शिकवलेलं होतं.

लंकाबाईंनी लेखी संमती दिली आणि चकती बाटलीतून माझ्याकडे आली. माझीच चकती, माझ्या चाळणीची भोकं. ती मेणात बसवताना दोनदा बाजूला ठेवून बाहेर गेले. मग पातळ काप काचांवर घेतले, जांभळ्या आणि गुलाबी रंगात बुडवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायला बसले. एक काच, दुसरी, दहावी. शरीराचे राखणदार भोकाभोकांत खच्चून भरलेले. दुसरं काही नाही. चाळीस काचा बघितल्या. सरांनी बघितल्या. ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टनी बघितल्या. एकही कॅन्सरची पेशी नाही.

इतरांना वाटेल, ही तर आनंदाची बातमी. मला ती भीतीची होती. उंदरांच्या शेतातला सापळा माणसाच्या शेतात लागला होता. तिथला पतंग त्या वासाला येतो की नाही हेच ठाऊक नव्हतं. सापळा रिकामा म्हणजे शेत स्वच्छ, असं म्हणायला आमच्याकडे काडीचाही आधार नव्हता. काखेत रोग पोचलेला होता हे तर डोळ्यांनी दिसलेलं होतं. पण लंकाबाईंचा हिशेब साधा होता. सापळा रिकामा, तर फवारणी नाही.

टाके काढून झाल्यावर त्या रिक्षाने थेट प्रयोगशाळेत आल्या. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. एक हात अजून नीट वर होत नव्हता.

"आलं का?"

"आलंय," मी म्हणाले.

"दावा."

नऊ वर्षांत त्यांनी कधी काच दाखवा म्हटलं नव्हतं. मी पाठ वळवली, खिडकीजवळच्या लाकडी पेटीतून एक काच काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तिसऱ्या पिंजऱ्यातला दोन नंबर. पेशींचे पुंजके आंधळ्यालाही दिसावेत असे. लंकाबाईंनी एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हे जांभळं जांभळं?"

"हो."

त्यांनी मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पदर सावरला. "मंग फवारनी करा की. थांबलाय कशाला?"

फवारणी झाली. केस गेले, नखं काळी पडली, एकदा तर आशा सोडायची वेळ आली. त्या टिकल्या. आमच्याकडे चौकशी झाली. किसनमामांना घरी बसवलं, माणसाची बारी लांबली ती लांबलीच, आणि मला मेमो मिळाला. वहीतली खोटी नोंद मी चौकशीत कबूल केली. त्या सोमवारी मी नुसतं सगळ्यांना बोलावून "चकती कुठे गेली?" विचारलं असतं, तर लंकाबाई बोलल्या असत्या. अठ्ठावीस दिवस वाचले असते. त्या अठ्ठावीस दिवसांत काखेत काय काय पोचलं, हे मला कुणी सांगू शकत नाही. ते मी स्वतःला माफ केलेलं नाही. उंदराच्या काचेबद्दल मात्र मी चौकशीत बोलले नाही. कुणालाच नाही.

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नासाठी श्रीगोंद्याकडे गेले होते. येताना बाजाराचा दिवस म्हणून काष्टीला उतरले. लंकाबाई भावाची वांगी घेऊन बसल्या होत्या. केस परत आलेत, कुरळे आलेत. मला बघून त्यांनी पोतं झटकून बसायला दिलं, चहा सांगितला, उंदरांची चौकशी केली. माझं वय झालंय, मनात ठेवून मरायची इच्छा नव्हती. मी म्हणाले, "लंकाबाई, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी तुम्हाला काच दाखवली ना, ती…"

"खिडकीजवळच्या पेटीतली," त्या वांगी निवडता निवडता म्हणाल्या. "उंदराची पेटी हुती ती. रोज मीच पुसायची न्हवं का."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाजाराचा गलका होता. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बाटल्या लावून घ्यायला हो का म्हणालात?"

लंकाबाईंनी तराजू खाली ठेवला. "मॅडम, काच बघून तुमी कुनाला खोटं सांगितलेलं मी नऊ वर्सांत बघितलं न्हाई. सरांनी डोळं वटारलं तरी न्हाई. त्या दिशी सांगितलं. हात बी कापत हुता तुमचा. मंग म्हनलं, ह्या येवढ्या भ्याल्यात, म्हंजे फवारायलाच पायजे."

त्यांनी दोन किलो वांगी माझ्या पिशवीत घातली, एक किडकं निघालं ते बाजूला टाकलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.